साखर कारखान्यातली ट्रंकिंग वॉकीटॉकी यंत्रणा: घ्यावी का, आणि घेताना काय बघावं

सोलापूर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात मी इन्स्ट्रुमेंट विभाग सांभाळतो. आमच्याकडे आता डिजिटल ट्रंकिंगची वॉकीटॉकी यंत्रणा आहे आणि तिच्यावर हंगाम काढून झालेत. कोटेशनं वाचण्यापासून अँटेनाच्या केबलचे कनेक्टर तपासण्यापर्यंत सगळ्यात माझा हात होता. शेजारच्या कारखान्यांतली मंडळी फोन करून विचारतात, "कशी हाय वो यंत्रणा, घ्यावी का?" प्रत्येकाला तुकड्यातुकड्यांनी सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहितो. निकाल आधी सांगून टाकतो. यंत्रणा चांगली आहे, पैसे वसूल होतात. पण नुसती बसवून भागत नाही. कुणी कुणाचं ऐकायचं हे कारखान्यातल्या माणसांनीच बसून ठरवावं लागतं. ते डीलरवर सोडलं तर एवढा खर्च करून कारखाना पूर्वीपेक्षा बहिरा होतो.

आधी जुनी अवस्था. हंगाम ऐन भरात असला की रात्री यार्डात बैलगाड्या, दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर, ट्रक अशी वाहनांची दाटी असते. गव्हाणीत, म्हणजे मिलकडे ऊस नेणाऱ्या कन्व्हेयरच्या तोंडाशी, ऊस सतत पडत राहिला पाहिजे. तो थांबला की मिल रिकामी फिरते आणि लॉगबुकात 'नो केन' लिहावं लागतं. यार्डात ऊस उभा असताना 'नो केन' लिहायची वेळ यावी, यापरतं वाईट आमच्या धंद्यात काही नाही. पण ती वेळ यायची, आणि बऱ्याचदा कारण एवढंच असायचं की मिल हाउसचा निरोप यार्डात पोचलेला नसायचा.

तेव्हा तीन साधे ॲनालॉग रिपीटर होते, म्हणजे सेटचा सिग्नल घेऊन जोरात पुढे पाठवणारी यंत्रं. प्रत्येकाचा एक चॅनल, आणि खाती त्यांच्यावर वाटून दिली होती. पहिल्यावर यार्ड, काटा आणि शेती खातं. दुसऱ्यावर मिल, बॉयलर, इलेक्ट्रिकल आणि आम्ही. तिसऱ्यावर सुरक्षा, गोदाम, टाइम ऑफिस. रात्री आठ ते बारा पहिल्या चॅनलवर बोलायला जागा मिळायची नाही. शेती खात्याचा चिटबॉय ऊसतोडीच्या टोळीचं विचारतोय, काट्यावरचा कारकून पावतीचा घोळ निस्तरतोय, मधेच शेतकी अधिकारी कुठल्या तरी गटाची वाहनं आली का म्हणून विचारतायत. त्याच वेळी तिसरा चॅनल शांत पडलेला. दोघांनी एकदम बटण दाबलं की ज्याचा सिग्नल जोरदार त्याचा आवाज जायचा. दुसऱ्याचं कुणीच ऐकलेलं नसायचं, आणि ते त्याला कळायचंही नाही. यार्डातले अण्णा वैतागून म्हणायचे, "सायब, सेट लागंना की वो, माणूस पळवतो." आणि खरंच एक पोरगा सायकलवर मिल हाउसकडे पिटाळायचे.

मोबाईल का नाही, असं हमखास विचारलं जातं. मिल हाउसच्या आवाजात मोबाईलची रिंग ऐकू येत नाही. ग्रीसच्या हातानं स्क्रीन चालत नाही. आणि महत्त्वाचं म्हणजे आमचा निरोप एकाला नसतो, आठ जणांना एकदम असतो. कन्व्हेयर थांबवायचा असेल तेव्हा नंबर शोधून, रिंग जाऊन, पलीकडच्यानं उचलेपर्यंत थांबता येत नाही. बटण दाबलं की बोलता आलं पाहिजे.

आता ट्रंकिंगचं. याचं उत्तम उदाहरण आमच्याच यार्डात आहे. पूर्वी वाहनाप्रमाणे काटा ठरलेला असायचा. ट्रॅक्टरच्या काट्यावर रांग गेटाबाहेर गेली तरी ट्रकचा काटा मोकळा बसलेला. सगळे काटे मोठ्या मापाचे झाल्यावर टोकन आलं. रांग एकच, आणि जो काटा मोकळा होईल त्यावर पुढचं वाहन. काटे तेवढेच राहिले, माणसंही तीच, पण रांग झपाट्यानं सरकायला लागली. ट्रंकिंगमध्ये रेडिओच्या चॅनलांचं नेमकं हेच होतं. चॅनल कुठल्याच खात्याच्या मालकीचा राहत नाही. सगळे चॅनल एका साठ्यात असतात. ज्याला बोलायचं असेल त्याला त्या क्षणी मोकळा असलेला चॅनल मिळतो आणि बोलणं संपलं की तो परत साठ्यात जातो. कल्पना टेलिफोनच्या ट्रंक लाइनींतूनच आलेली आहे. दोन एक्स्चेंजांच्या मधल्या मोजक्या तारा गावातले सगळे ग्राहक आळीपाळीनं वापरायचे, तसंच हे.

यात किती फायदा होतो याचं गणित शंभर वर्षांपूर्वीच होऊन गेलंय. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत एरलांग नावाचे गणितज्ञ होते. १९०९ मध्ये त्यांनी या विषयावरचा पहिला निबंध लिहिला आणि १९१७ मध्ये ते सूत्र दिलं जे आजही वापरतात. त्या सूत्रात आकडे घालून मी कमिटीपुढे मांडले होते, तेच इथे देतो. वीसपैकी एकाच वेळेला 'चॅनल भरलाय' असं व्हावं, त्यापेक्षा जास्त नको, अशी अट घाला. एका सुट्या चॅनलवर त्या अटीत तासाला जेमतेम ३ मिनिटं बोलणं बसतं. असे पाच चॅनल पाच खात्यांना वेगवेगळे वाटले तर सगळे मिळून साधारण १६ मिनिटं. तेच पाच चॅनल एकत्र साठ्यात टाकले तर तासाला सुमारे १३३ मिनिटं. चॅनल तेवढेच आणि काम आठपट. हा आकडा बघितल्यावर आमचे चीफ इंजिनिअर दोन मिनिटं कागदाकडेच बघत होते. मग म्हणाले, "मग आपण इतकी वर्षं वाटण्या कशाला करत बसलो होतो?" मंजुरी त्याच बैठकीत मिळाली.

आमची यंत्रणा डीएमआर टियर थ्री प्रकारची आहे. डीएमआर हे युरोपच्या दूरसंचार मानक संस्थेनं, म्हणजे एट्सीनं, २००५ मध्ये आणलेलं डिजिटल मानक. त्यात तीन पायऱ्या आहेत. पहिली विनापरवाना कमी ताकदीच्या सेटांची, दुसरी रिपीटरवाली पण साध्या पद्धतीची, तिसरी ट्रंकिंगची. १२.५ किलोहर्ट्झच्या एका चॅनलचे वेळेत दोन भाग पाडतात. ३० मिलिसेकंद एका बोलण्याला, पुढचे ३० दुसऱ्या बोलण्याला, असं आलटून पालटून. कानाला काही कळत नाही, पण एका रिपीटरवर दोन बोलणी एकदम चालतात. म्हणून आमच्या तीन रिपीटरवर सहा वाटा मिळाल्या. त्यातली एक कंट्रोल चॅनल म्हणून राखीव असते आणि बोलायला पाच उरतात. डीलर सहाचा आकडा सांगून मोकळा होतो, पाचाचा तुम्ही विचारून घ्यायचा. दुसरा फायदा बॅटरीचा. बोलताना सेट अर्धाच वेळ सिग्नल सोडत असतो, त्यामुळे आमच्याकडे एक चार्ज पूर्ण पाळीला पुरून उरतो.

कंट्रोल चॅनल हा या सगळ्याचा जीव आहे. कमरेला लावलेला सेट गप्प असतो तेव्हाही तो कंट्रोल चॅनल ऐकत असतो. समजा गव्हाणीवरच्या माणसानं बटण दाबलं. त्याचा आवाज लगेच जात नाही. आधी सेट कंट्रोल चॅनलवर एक छोटा डिजिटल निरोप पाठवतो, की मी अमुक नंबरचा सेट, मला अमुक ग्रुपशी, म्हणजे एकमेकांचं ऐकणाऱ्या सेटांच्या अमुक गटाशी, बोलायचंय. कंट्रोलर, म्हणजे वाटा वाटून देणारं मधलं यंत्र, कुठली वाट मोकळी आहे ते बघतो आणि कंट्रोल चॅनलवरूनच पुकारतो, की या ग्रुपच्या सगळ्यांनी दुसऱ्या रिपीटरच्या पहिल्या भागावर या. त्या ग्रुपचे सगळे सेट आपोआप तिकडे उडी मारतात, बोलणाऱ्याच्या सेटमधून 'टुट' असा आवाज येतो आणि मग त्यानं बोलायचं. हे सगळं अर्ध्या सेकंदाच्या आत. बोलणं संपलं की सगळे सेट परत कंट्रोल चॅनलवर. पाचही वाटा भरल्या असतील तर वेगळा आवाज येतो आणि विनंती रांगेत उभी राहते. वाट मोकळी झाली की सेट स्वतःच कळवतो. बटण पुन्हा पुन्हा दाबत बसावं लागत नाही. एखादा माणूस बोलणं चालू असताना सेट सुरू करून आला, तर कंट्रोलर त्याला मधूनच त्या बोलण्यात घेतो, कारण कुठला ग्रुप कुठल्या वाटेवर आहे हे तो कंट्रोल चॅनलवर सांगत राहतो.

तो अर्ध्या सेकंदाचा 'टुट' माणसांच्या अंगवळणी पडेपर्यंत मात्र त्रास झाला. जुन्या सवयीनं लोक बटण दाबता दाबताच बोलायला लागायचे आणि पहिला शब्द गडप. तितकीच वाईट सवय शेवटाची. वाक्य पुरं व्हायच्या आत बोट उचललं की 'पंप बंद करू नका' मधला 'नका' जातो आणि पंप बंद होतो. आम्ही प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला पाच-पाच जणांना घेऊन तेवढंच शिकवलं. दाबा, टुट ऐका, बोला, एक श्वास थांबा, सोडा. ऊस उतरवणाऱ्या कंत्राटी पोरांनी हे सगळ्यात आधी उचललं. बॉयलरवरच्या जुन्या मंडळींना वेळ लागला. नवीन यंत्रणा घेणाऱ्यांनी या शिकवणीसाठी मोळी टाकायच्या आधीचे दिवस राखून ठेवावेत. गाळप सुरू झाल्यावर कुणालाच फुरसत नसते.

आणखी एक सेटिंग सांगतो, कारण डीलर ते सांगत नाहीत. एकानं बोलून बटण सोडल्यावर समोरच्यानं उत्तर द्यावं म्हणून ती वाट काही सेकंद त्याच ग्रुपसाठी धरून ठेवतात. याला हँग टाइम म्हणतात. तो फार ठेवला तर पाचही वाटा रिकाम्या असूनही अडकलेल्या राहतात. फार कमी ठेवला तर प्रत्येक उत्तरासाठी नवी विनंती, आणि गर्दीत उत्तर रांगेत अडकतं. आमच्याकडे आला तेव्हा तो भरपूर ठेवलेला होता. यार्डच्या माणसांचं बोलणं तुटक असतं. "दोन ट्रॉल्या सोड." "सोडल्या." एवढंच. त्यांच्यासाठी तो कमी केला आणि रात्रीची रांग जवळजवळ नाहीशी झाली. कंट्रोलरच्या संगणकावर प्रत्येक तासाला किती विनंत्या आल्या आणि किती रांगेत थांबल्या याचा अहवाल निघतो. तो दर आठवड्याला कुणीतरी बघितलाच पाहिजे.

आता ज्यासाठी मुख्यतः लिहायला बसलो तो मुद्दा. पहिल्या हंगामात डीलरनं संघटनेच्या तक्त्यावरून ग्रुप पाडून दिले. यार्ड वेगळा, काटा वेगळा, मिल, बॉयलर, पॅन आणि सेंट्रीफ्यूगल, इलेक्ट्रिकल आणि इन्स्ट्रुमेंट, गोदाम, सुरक्षा, शेती खातं, सगळे वेगळे. कागदावर देखणं. गोंगाट संपला, प्रत्येकाला आपल्यापुरतंच ऐकू यायला लागलं आणि सगळे खूश. मग बॉयलर हाउसमधून तक्रार यायला लागली. तिथले एक जुने अटेंडंट आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात. मामा म्हणाले, "पूर्वी मिलचं बोलणं माझ्या कानावर पडायचं. ऊस कमी पडतोय असं ऐकलं की मी आधीच तयारीत असायचो. आता मिल थांबल्यावरच कळतं, वो."

हे नीट समजून घ्या. मिल थांबली की बॉयलरला जळणासाठी येणारा ताजा बगॅस, म्हणजे रस काढलेल्या उसाचा चोथा, थांबतो. मग यार्डातला साठवलेला बगॅस ओढावा लागतो, आणि तो कन्व्हेयरवर चढून भट्टीपर्यंत यायला वेळ जातो. त्याच वेळी मिलची वाफ लागायची थांबते आणि दाब वर चढतो. मामांना पाच मिनिटं आधी कळलं तर हवा कमी करून, बगॅसचं मागचं कन्व्हेयर चालू करून ते सगळं अलगद सांभाळतात. ऐनवेळी कळलं तर सेफ्टी व्हॉल्व्ह उडतो आणि को-जनच्या, म्हणजे वाफेवर वीज करणाऱ्या, टर्बाइनवरचा लोड हेलकावे खातो. जुन्या यंत्रणेत हा इशारा मामांना कुणी मुद्दाम देत नव्हतं. तो एकाच चॅनलवरच्या गर्दीतून आपोआप मिळायचा. नव्या यंत्रणेनं गर्दी काढली तेव्हा तोही गेला.

इथे सेटाचा एक स्वभाव ध्यानात घ्यावा लागतो. एक सेट एका वेळी एकाच ग्रुपचं बोलणं ऐकू शकतो. अनेक ग्रुप स्कॅनला लावता येतात, पण एकाचं ऐकत असताना दुसरीकडचं निसटतं. म्हणून सगळ्यांना सगळे ग्रुप लावून देणं हा उपाय नाही. आम्ही गाळपाची साखळी मांडली. यार्ड, गव्हाण, मिल, बॉयलर, टर्बाइन. या पाच ठिकाणच्या पाळीप्रमुखांसाठी 'गाळप' नावाचा एक सामाईक ग्रुप केला आणि नियम घातला की उसाचा वेग, मिलची अडचण आणि वाफेचा दाब एवढंच त्यावर बोलायचं. बाकीच्या गप्पा आपापल्या ग्रुपवर. या ग्रुपला अग्रक्रम दिला, म्हणजे रांग लागली तरी तो पुढे जातो. त्याच्याही वर फक्त आणीबाणीचं केशरी बटण. दुसरा हंगाम यावर चालला आणि मामांची तक्रार थांबली. माझ्या दृष्टीनं या यंत्रणेची खरी खरेदी त्या दिवशी पूर्ण झाली.

तेव्हा घेणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. ग्रुपची यादी करायला संघटनेचा तक्ता घेऊ नका. एक पूर्ण पाळी मिल हाउसमध्ये, एक बॉयलरवर, एक यार्डात बसा आणि कोण कुणाचं बोलणं आडून ऐकतं आणि त्यावर काय करतं हे लिहून काढा. ही माहिती कुठल्याच कोटेशनमध्ये नसते.

आवाजाबद्दल. चांगला आहे. डिजिटलमध्ये मागचा गोंगाट बराच गाळला जातो. मिल हाउसमधून बोलणाऱ्याचे शब्द पूर्वीपेक्षा स्वच्छ येतात. पण सिग्नल कमी पडायला लागला की ॲनालॉगमध्ये जशी खरखर वाढत जायची आणि माणूस आपणहून दोन पावलं पुढे सरकायचा, तसं इथे होत नाही. शेवटपर्यंत आवाज छान असतो आणि मग एकदम तुटतो. म्हणून कुठे सिग्नल पोचत नाही हे आधीच फिरून नकाशावर मांडलं पाहिजे. आमच्याकडे टर्बाइनच्या खालच्या मजल्यावर आणि बगॅस यार्डच्या मागे अडचण निघाली. बगॅसची गंमत बघा. त्यात निम्मं पाणी असतं, आणि पाणी या लहरी शोषून घेतं. ऑक्टोबरमध्ये डीलरचा माणूस मोकळ्या यार्डात फिरून 'सगळीकडे फुल सिग्नल' असं लिहून गेला. फेब्रुवारीत बगॅसचा ढीग शेडच्या उंचीला भिडला, आणि त्याच्या मागे उभ्या असलेल्या लोडरवाल्याचा सेट मुका. शेवटी अँटेना साखर घराच्या छतावरून पाण्याच्या टाकीवर नेली तेव्हा ते सुटलं. सिग्नलची चाचणी ढीग पूर्ण चढल्यावर परत करून द्यायची, ही अट ऑर्डरमध्येच घाला.

रिपीटरच्या खोलीला एसी लागतो. सोलापूरच्या उन्हाबद्दल कुणाला सांगायला नको. हंगाम लांबून मार्च-एप्रिलात गेला की पत्र्याच्या खोलीत रिपीटर टिकणार नाहीत, त्यात ते स्वतःही तापतात. शिवाय यूपीएस हवाच. टर्बाइन ट्रिप होऊन कारखाना अंधारात गेला की नेमकी त्याच वेळी बोलण्याची सगळ्यात जास्त गरज असते. अँटेनाचं अर्थिंग आणि वीज-प्रतिबंधक पावसाळ्याआधी तपासायचे.

डिस्टिलरीचं वेगळं लिहितो, कारण यात जिवाचा प्रश्न आहे. इथेनॉलची वाफ जिथे असू शकते तिथे साधा सेट न्यायचा नाही. स्फोटक वातावरणासाठी प्रमाणित, ज्याला इन्ट्रिन्सिकली सेफ म्हणतात, तेच सेट आणि त्यांच्याच प्रमाणित बॅटऱ्या. बॅटरी त्या भागात बदलायचीही नाही, बाहेर येऊन बदलायची. हे सेट बरेच महाग असतात म्हणून कोटेशनमधून ते गुपचूप गळतात. आमच्या कोटेशनमधून गळले होते. आम्ही ते परत घालून घेतले, सेटांना वेगळ्या रंगाची पट्टी लावली आणि डिस्टिलरीच्या गेटवर साधे सेट जमा करून घ्यायची पद्धत ठेवली.

परवान्याचा भाग थोडक्यात. अशी यंत्रणा स्वतःच्या वापरासाठी चालवायला केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाकडून परवाना आणि त्यांच्या वायरलेस शाखेकडून फ्रीक्वेन्सी घ्यावी लागते. वेळ लागतो, तो हंगामाच्या वेळापत्रकात धरून चाला. विनापरवाना चालतात ते ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ पट्ट्यातले कमी ताकदीचे सेट. ते हॉटेल, मंगल कार्यालय, छोटं गोदाम यांच्यासाठी ठीक, आमच्या लोखंडी जंगलात त्यांचा टिकाव लागत नाही. ऑनलाइन स्वस्तात मिळणारे कुठल्याही फ्रीक्वेन्सीवर चालणारे सेट मात्र हात लावायच्या लायकीचे नाहीत. ते दुसऱ्या कुणाच्या, कदाचित पोलिसांच्या किंवा रुग्णवाहिकेच्या, बोलण्यात अडथळा आणू शकतात. २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं अशा ऑनलाइन विक्रीवर मार्गदर्शक सूचना काढल्या त्या यामुळेच.

डीलरच्या सेवेबद्दल नाव न घेता लिहितो. बसवणी चांगली केली. केबलिंग स्वच्छ, प्रत्येक कनेक्टरवर लेबल, मीटर लावून आकडे लिहून दिले. पण सेटांच्या प्रोग्रॅमिंगच्या फाइलला त्यांनी पासवर्ड घातला आणि तो आम्हाला दिला नाही. 'गाळप' ग्रुप घालायचा तर त्यांचा माणूस यायला हवा, आणि तो यायला ऐन हंगामात दिवसच्या दिवस गेले. सव्वाशे सेट आमचे, पैसे आमचे, आणि ग्रुपचं नाव बदलायला परवानगी त्यांची! बरीच पत्रापत्री झाल्यावर फाइल, पासवर्ड, प्रोग्रॅमिंगची केबल आणि आमच्या दोन माणसांना प्रशिक्षण हे सगळं मिळालं. तुम्ही हे ऑर्डरच्या पहिल्या पानावर घाला आणि शेवटचा हप्ता त्याच्याशी बांधा. बाकी तक्रार नाही. चार्जर बिघडले ते बदलून दिले, एका रिपीटरचा पंखा गेला तो दुसऱ्या दिवशी आला.

कंट्रोलर बंद पडला तर काय, हे मी डीलरला समोर करून दाखवायला लावलं. कंट्रोलरची वायर काढली. थोड्या वेळात सेटांनी बारीक आवाज दिला आणि तिन्ही रिपीटर साध्या पद्धतीवर गेले. जुन्यासारखी वाटणी, कोणतं खातं कुठल्या रिपीटरवर हे आधीच ठरवून ठेवलेलं. रिपीटरही गेले तर सेट ते सेट थेट बोलायचा एक चॅनल शेवटच्या नंबरवर ठेवलाय. मिल हाउसच्या आत तेवढा पुरतो. दर हंगामाला बॉयलर अग्निप्रदीपनाच्या आदल्या आठवड्यात आम्ही ही चाचणी सगळ्या पाळ्यांना घेऊन करतो.

कुणी घ्यावी? साठ-सत्तरच्या वर सेट असतील, चार-पाचपेक्षा जास्त खाती एकाच वेळी बोलत असतील, आणि एका चॅनलवर दाटी तर दुसऱ्यावर शांतता अशी अवस्था असेल, तर डोळे झाकून नव्हे पण निर्धास्तपणे घ्या. मोठी सूतगिरणी, टॉवेलचा मोठा कारखाना, औष्णिक वीज केंद्र, कुणालाही हे लागू पडतं. मेट्रो, विमानतळ असल्या पसाऱ्याला टेट्रा नावाची याहून मोठी जात असते. तिथे २५ किलोहर्ट्झच्या एका चॅनलवर चार बोलणी बसतात, दिल्ली मेट्रो तीच वापरते. ती आपल्या आवाक्याची नाही आणि गरजेचीही नाही. वीस-पंचवीस सेटांचा गूळ कारखाना किंवा जिनिंग असेल तर ट्रंकिंगच्या नादाला लागू नका. डीएमआरच्या दुसऱ्या पायरीचा एक रिपीटर घ्या, दोन वाटा मिळतील, कंट्रोलरचा खर्च वाचेल. वाचलेल्या पैशांतून जादा बॅटऱ्या आणि मिलवाल्यांसाठी कानावर बसणारे चांगले हेडसेट घ्या.